फाटकाबाहेरची आफ्रिका

आमच्या कॉलनीतले एक सर दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. तीस वर्षे भूगोल शिकवला. व्हिक्टोरिया सरोवर, किलिमांजारो, विषुववृत्ताजवळचा गवताळ प्रदेश हे सगळे नकाशावर काठी टेकवून त्यांनी किती पिढ्यांना दाखवले असेल; स्वतः मात्र तिरुपती आणि वैष्णोदेवीच्या पलीकडे गेले नाहीत. आता मुलीचे लग्न झाले आहे, मुलगा पुण्यात नोकरीला आहे, निवृत्तीचे पैसे बँकेत आहेत. एका संध्याकाळी ते टूर कंपन्यांची चार-पाच गुळगुळीत माहितीपत्रके काखेत मारून आले. सोबत बाईही होत्या. "आफ्रिकेला जायचं म्हणतो. पण आठ दिवसांत उरकायचं नाही, वीस-एकवीस दिवस तरी राहायचं. सात लाखांत दोघांचं होईल का?" बाई म्हणाल्या, "मी यांना म्हणते, आपल्या नायगावचे मोर तरी कुठं पाहिलेत अजून तुम्ही?"

हा टोमणा अगदीच बिनबुडाचा नव्हता. पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य १९९४ साली जाहीर झाले. बीडच्या किती कुटुंबांनी ते पाहिले असेल, असा प्रश्न ज्याने त्याने आपल्या घरापुरता विचारावा. पण सरांचा प्रश्न टोमण्याने उडवून लावण्यासारखा नाही. पंचवीस वर्षांपूर्वी परदेशप्रवास म्हणजे आमच्याकडे हजयात्रा, नाहीतर मुलाकडे अमेरिकेला जाणे. आता मास्तर, बँकेतले कारकून, औषधांचे दुकानदार अशी मंडळी सिंगापूर-दुबई करून आली आहेत आणि पुढची पायरी म्हणून आफ्रिकेकडे पाहत आहेत. माहितीपत्रकात आठ-नऊ दिवसांचा दर माणशी तीन लाखांच्या घरात छापलेला असतो. मग मनुष्य साधे त्रैराशिक मांडतो. आठ दिवसांचे तीन लाख, तर एकवीस दिवसांचे आठ; दोघांचे सोळा. आणि माहितीपत्रक मिटून ठेवतो.

हे त्रैराशिक चुकीचे आहे. आफ्रिकेत पैसा दिवसाला लागत नाही, फाटकाला लागतो.

केनियातल्या मसाई माराचेच उदाहरण घेऊ. हे राखीव क्षेत्र नारोक काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा सरकारच्या ताब्यात आहे. २०२३ पर्यंत परदेशी प्रवाशाला प्रवेशासाठी दिवसाला सत्तर-ऐंशी डॉलर पडत. २०२४ पासून जानेवारी ते जून शंभर डॉलर आणि जुलै ते डिसेंबर दोनशे डॉलर असा दर झाला, आणि तिकिटाची मुदत बारा तासांवर आली. डॉलरने २०२५ च्या डिसेंबरात नव्वद रुपये ओलांडले. हिशेबाला नव्वदच धरू. पतिपत्नी जुलैत तीन दिवस मारात राहिली तर नुसते फाटक उघडायला एक लाख आठ हजार रुपये. तेच तीन दिवस जूनमध्ये चोपन्न हजारांत. जीप, चालक, तंबू, जेवण हे सगळे याच्यावर. टांझानियात गोरोंगोरोच्या विवरात उतरायचे तर माणशी शुल्काशिवाय गाडीमागे वेगळे अडीचशे-तीनशे डॉलर मोजावे लागतात. जीपही अशीच, म्हणजे माणशी नव्हे तर गाडीमागे. चालकासह दिवसाला दीडशे ते अडीचशे डॉलर. दोघे बसा की सहा बसा, भाडे तेच.

एवढे ध्यानात आले की सगळा बेत उलटा मांडता येतो. आधी ठरवायचे फाटकाच्या आत किती दिवस, आणि गाडीत किती माणसे. बाकीचे दिवस स्वस्त आहेत; केनियातल्या मध्यम हॉटेलात राहणे आपल्या महाबळेश्वरच्या हंगामापेक्षा महाग पडत नाही. 'सफारी' हा स्वाहिली शब्द अरबी 'सफर'वरून आलेला. निजामाच्या राज्यात वाढलेल्या आमच्या आजोबांना तो कोणी समजावून सांगावा लागला नसता. सफारी म्हणजे प्रवास. सहल कंपन्यांनी त्याचा अर्थ आकुंचित करून जीपच्या टपातून डोके बाहेर काढण्याइतका करून ठेवला.

आता, फाटक एवढे महाग का केले? 'गोऱ्यांना परवडते म्हणून' हे उत्तर सोपे आहे आणि अपुरे आहे. मारात गर्दी अनावर झाली होती. नदी ओलांडणाऱ्या कळपाभोवती गाड्यांचा वेढा पडतो आणि जनावरांना उतरायला वाट उरत नाही, ही तक्रार जुनी आहे. दर वाढवा, माणसे कमी करा, पैसा तेवढाच ठेवा, असे हे धोरण. शिवाय केनियातले निम्म्याहून अधिक वन्यजीव राष्ट्रीय उद्यानांच्या बाहेर, लोकांच्या जमिनींवर राहतात. माराच्या कडेने मसाई जमीनमालकांनी आपल्या जमिनी एकत्र करून पर्यटन कंपन्यांना भाड्याने दिल्या आहेत. जमिनीला कुंपण घालायचे नाही, भाडे दरमहा घ्यायचे. हरिणांनी आणि रानडुकरांनी उभे पीक लोळवल्यावर पंचनाम्यासाठी चकरा मारणाऱ्या आमच्या आष्टी-शिरूरच्या शेतकऱ्याला ही व्यवस्था कशी वाटेल, हे त्याला विचारून पाहण्यासारखे आहे.

पण या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती माहितीपत्रकात नसते. जून २०२२ मध्ये टांझानिया सरकारने लोलिओंडो भागातल्या सुमारे दीड हजार चौरस किलोमीटरवर हद्दीचे दगड रोवायला सुरुवात केली. तिथे गुरे चारणाऱ्या मसाईंना ती जमीन सोडायची होती. संघर्ष झाला, लोक जखमी झाले, एक पोलीसही मेला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये गोरोंगोरोच्या रस्त्यावर मसाईंनी हजारोंच्या संख्येने बसून गाड्या अडवल्या. म्हणजे आपण फाटकावर जे डॉलर ठेवतो, त्यांतून कुणाचे घर चालते आणि कुणाचे उठते, हे एकाच दरपत्रकात लपलेले असते.

माहितीपत्रकात एक शब्द मोठ्या टायपात असतो: 'महास्थलांतर'. दहा-बारा लाख विल्डबीस्ट पावसामागे सेरेंगेटीतून मारात येतात आणि परत जातात, तो हा सोहळा. सरांनी तो शब्द वाचला आणि थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझ्या वर्गात दिवाळीनंतर अर्धे बाक रिकामे व्हायचे." बीडमध्ये स्थलांतर म्हटले की डोळ्यांपुढे जनावरे येत नाहीत. धारूर, वडवणी, केज, पाटोद्याच्या वाड्या-तांड्यांवरून कोयते घेऊन निघालेले ट्रॅक्टर येतात, आणि त्यांच्यावर भांड्याकुंड्यांसह बसलेली पोरे. तेही पावसामागेच निघतात. पाऊस न पडल्यामुळे, एवढाच फरक.

असो. बेताकडे येऊ.

शाळकरी मुले असलेल्या कुटुंबाला मे महिना सोडून दुसरा महिना नसतो. केनियात एप्रिल-मे हा मोठ्या पावसाचा काळ. दर उतरतात, पण मारातली वाट म्हणजे आपल्याकडच्यासारखी काळी माती. तिथले लोकही तिला 'ब्लॅक कॉटन सॉइल' म्हणतात. पाऊस पडला की गाडी कशी रुतते ते गेवराईकरांना सांगायला नको. अशा कुटुंबाने दक्षिण आफ्रिकेचा विचार करावा. तिथे मे महिन्यात हिवाळा लागतो, गवत वाळते आणि जनावर दिसायला सोपे जाते. क्रूगर राष्ट्रीय उद्यान सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरचे. आपला बीड जिल्हा पावणेअकरा हजारांचा. म्हणजे एकात जवळजवळ दोन बीड बसतील. तिथे जीप आणि वाटाड्या घेण्याची सक्ती नाही. साधी भाड्याची मोटार आपणच चालवायची. रस्ता आपल्यासारखाच डावीकडून, डांबरीवर वेगमर्यादा ताशी पन्नास, आणि सूर्य मावळायच्या आत छावणीच्या आत. परदेशी प्रवाशाला दिवसाचे शुल्क पाच-सहाशे रँड. रँडला साडेपाच रुपये धरले तरी दोघांचे दहा दिवसांचे सहासष्ट हजार, म्हणजे माराच्या तीन जुलै-दिवसांपेक्षा कितीतरी कमी. जास्त दिवस राहायचे तर वार्षिक कार्ड आणखी स्वस्त पडते. आणि सरकारी छावण्यांतल्या कित्येक खोल्यांना चूल-भांड्यांसह स्वयंपाकघर असते. शाकाहारी मंडळींचा निम्मा प्रवासखर्च आणि सगळी चिडचिड जेवणावर होते. खिचडी आपली आपण टाकता आली की दोन्ही वाचतात. मात्र भारतीयांना व्हिसा लागतो आणि त्याला वेळ लागतो. जानेवारीतच कागद जमवायला घ्यावेत.

सरांना शाळेची घंटा नाही, त्यांनी केनिया धरला. मला वाटते, एकाच देशावर थांबण्याचा त्यांचा निर्णय सगळ्यात शहाणपणाचा. 'इतक्या लांब आलोच आहोत तर टांझानियाही करू' या एका वाक्यात लाख-दीड लाख जातात. केनियात फाटकाबाहेर पाहण्याजोगे पुष्कळ आहे. नैवाशा सरोवराजवळच्या हेल्स गेट उद्यानात पायी किंवा भाड्याच्या सायकलवर हिंडता येते, बाजूने झेब्रे चरत असतात. नैरोबीहून मोंबासाला २०१७ साली नवी रेल्वे सुरू झाली. २०२४ मध्ये भाडे वाढवूनही साध्या वर्गाचे तिकीट दीड हजार केनियन शिलिंग, म्हणजे हजार रुपयांच्या आसपास. गाडी त्सावोच्या रानातून जाते आणि नशीब असेल तर खिडकीतून हत्ती दिसतात, फाटकाचे शुल्क न भरता. याच वाटेवरचा जुना लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात हिंदुस्थानातून नेलेल्या बत्तीस हजारांच्या आसपास मजुरांनी टाकला. अडीच हजारांच्या आसपास माणसे त्यात मेली. १८९८ मध्ये त्सावोच्या दोन सिंहांनी खाल्लेले मजूर त्यांतलेच. केनियातल्या खानावळीत आज 'चपाती' आणि 'चाय' याच नावांनी मिळतात, त्यामागे एवढा इतिहास आहे. २०१७ साली केनिया सरकारने तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशाची चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली.

मराठी माणसाला नैरोबीत आणखी एक नाव आठवायला हवे. औंधचे अप्पासाहेब पंत १९४८ ते १९५४ या काळात स्वतंत्र भारताचे पूर्व आफ्रिकेतले पहिले आयुक्त होते. केनियाच्या स्वातंत्र्यवाद्यांशी त्यांनी मैत्री जोडली, ती ब्रिटिशांना खुपली आणि शेवटी त्यांना तिथून परतावे लागले. आपल्या शालेय पुस्तकांत औंधच्या लोकराज्याचा उल्लेख मिळाला तर मिळतो, नैरोबीचा सापडत नाही. भूगोलाच्या सरांनाही हे ठाऊक नव्हते.

आता किरकोळ वाटणाऱ्या आणि नडणाऱ्या गोष्टी. पीतज्वराची लस घेतल्याशिवाय केनियाहून परतणाऱ्याला भारतात विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात नेऊ शकतात. लस ठराविक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, बीडकराला त्यासाठी पुणे-मुंबई गाठावी लागते. ती निघण्याआधी किमान दहा दिवस घेतलेली हवी. प्रमाणपत्र मात्र आता आयुष्यभर चालते. साठी ओलांडलेल्यांना या लसीचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून आधी डॉक्टरांशी बोलावे. सर साठीला टेकलेले आहेत, त्यांनी हे पहिले काम केले. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि ती कडक आहे. चिवडा-शंकरपाळे डब्यांत आणि कापडी पिशव्यांत. व्हिसा २०२४ पासून नाही, पण निघण्याआधी संगणकावरून प्रवासाची परवानगी घ्यावी लागते, तिचे शुल्क वेगळे.

राजकारणही हिशेबात धरावे. केनियात जून २०२४ मध्ये करवाढीविरुद्ध तरुण संसदेत घुसले, २०२५ च्या जुलैतही रस्त्यांवर गोळीबार झाला. टांझानियात २९ ऑक्टोबर २०२५ च्या मतदानादिवशी दंगल, संचारबंदी, इंटरनेट बंद. घाबरून घरी बसावे असे यात नाही. पण परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत आणि विमा उतरवल्याशिवाय निघू नये.

आणि पैशाचे. परदेश सहलीच्या पैशांवर टूर कंपनी जो टीसीएस कापते, त्याचे दर २०२३ पासून पुनःपुन्हा बदलले आहेत. तो आयकर विवरणपत्रात परत मागता येतो, पण तोवर रक्कम अडकून राहते, तेव्हा ती वेगळी धरून ठेवावी. 'दरमहा दहा हजार भरा, तीन वर्षांनी आफ्रिका' अशा योजनांचे फलक हल्ली दिसतात. २०२३-२४ मध्ये या जिल्ह्यातल्या मल्टिस्टेट पतसंस्थांच्या बंद दारांपुढे किती निवृत्त शिक्षक उभे होते, हे आठवणाऱ्याला जास्त सांगायची गरज नाही. सहलीचे पैसे आपल्याच खात्यात साठवावेत, त्यावर व्याज कमी मिळाले तरी चालेल.

सरांची वही आता भरली आहे. जूनचा महिना, दर वाढायच्या आत. म्हणजे नदी ओलांडणारे कळप बहुधा दिसणार नाहीत. सिंह, हत्ती, जिराफ दिसतील. एकवीस दिवसांपैकी पाच दिवस फाटकाच्या आत, त्यातले तीन मारात, दोन किलिमांजारो दिसतो त्या अंबोसेलीत. त्या पाच दिवसांसाठी अंबाजोगाई आणि परळीची आणखी दोन जोडपी, सगळे जुने सहकारी. एका जीपमध्ये सहा. बाकी नैवाशा, रेल्वे, मोंबासाचा पोर्तुगीज किल्ला आणि समुद्र. दोघांची बेरीज साडेपाच ते सहा लाखांत येते, उरलेले लाखभर अडीअडचणीला. ती जोडपी आठ दिवसांनी परतणार, हे दोघे पुढे राहणार. एवढे दिवस कपडे कसे धुवायचे यावर बाईंची वेगळी यादी चालू आहे.

बीडला रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, अहिल्यानगरपर्यंत. सरांचा हट्ट आहे की निघायचे ते बीड स्टेशनवरूनच. मुलगा म्हणतो, पुण्याहून गाडी पाठवतो, चार तास वाचतील. सर ऐकायला तयार नाहीत. मधल्या काळात एका रविवारी दोघे नायगावला जाऊन आली. मोर तीन दिसले, आणि फाटकावर कोणीच नव्हते.