पोराचे नाक आणि आठ दिवसांची वाट

विटी उसळून नाकावर बसली, झोपाळ्याची फळी तोंडावर आदळली, किंवा पायरीवरून तोल जाऊन पोर तोंडघशी पडले, असे आपल्या घरांतून वारंवार घडते. रक्त थांबले की आईबाप हळदीचा लेप लावून निश्चिंत होतात. आठ दिवसांत सूज उतरेल, मग पाहू, असे वडीलधारी मंडळी सांगतात. ह्या आठ दिवसांविषयीच आज दोन शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटते.

लहान मुलाच्या नाकात हाड थोडे आणि कूर्चा, म्हणजे मऊ लवचिक हाड, अधिक असते. कूर्चा क्ष-किरणांच्या चित्रात उमटत नाही. शिवाय हाडांचे नैसर्गिक सांधे त्या चित्रात कधी मोडीसारखे भासतात, तर खरी मोड लपून राहते. सीटी स्कॅन अधिक स्पष्ट दाखवितो खरा. परंतु त्यात किरणांची मात्रा अधिक, आणि वाढत्या शरीरास ती विनाकारण देऊ नये.

येथे सोनोग्राफी उपयोगी पडते. सोनोग्राफी म्हणजे गरोदर स्त्रीची तपासणी, एवढाच आपला समज असतो. वस्तुतः ही प्रतिध्वनीची विद्या होय. मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो; नाकाच्या तपासणीत सुमारे १ कोटी किंवा त्याहून अधिक कंपनांचा ध्वनी योजितात. तो हाडावर आपटून परततो व पडद्यावर चित्र उमटते. हाड अखंड असल्यास सलग पांढरी रेषा दिसते. मोडले असल्यास ती रेषा तुटते किंवा तिला पायरी पडते. ह्यात क्ष-किरण नाहीत, आणि आईच्या मांडीवर बसलेल्या बालकाचीही तपासणी करिता येते. मात्र दुखऱ्या नाकावर यंत्र फिरविणारा हात हलका व सरावाचा हवा.

तथापि यंत्र म्हणजे वैद्य नव्हे. दोन नाकपुड्यांमधील पडद्याच्या आवरणाखाली रक्त साकळले आहे काय, हे डॉक्टरांनी उजेडात नाकात डोकावूनच पाहावयाचे असते. ते वेळीच काढले नाही तर थोड्याच दिवसांत कूर्चा नष्ट होऊन नाक खचते. म्हणून सोनोग्राफीचे यंत्र जवळ नाही, ह्या सबबीवर घरी बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे. सूज फार असल्यास ते तीन ते पाच दिवसांनी पुन्हा बोलावतील. तेव्हा अवश्य जावे. मुलांची हाडे लवकर जुळतात. वाकडे हाड बसवावयाचे ते साधारणतः पहिल्या आठवड्यातच. आठ दिवस वाट पाहणारा नेमकी तीच संधी दवडतो. हाडवैद्याकडून नाक ओढून घेणे तर सर्वथा टाळावे.

रक्त वाहत असता मुलास बसवावे, डोके पुढे झुकवावे व नाकाचा खालचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा. डोके मागे टाकू नये. रक्त घशात उतरते. नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव, वारंवार ओकारी, गुंगी किंवा एकाची दोन दिसणे, ह्यांपैकी काहीही आढळल्यास तडक मोठे रुग्णालय गाठावे. तेथे नुसती सोनोग्राफी पुरेशी नव्हे.

लेप लावावयाचा की नाही, हे मागाहून ठरवावे. आधी डॉक्टरांस नाकाच्या आत पाहू द्यावे.