जप्तीचा फोटो बघितला, निकाल कुठाय?

राखी, गणपती, दिवाळी. सण आला की पेपरात तोच फोटो. गुजरातहून ट्रॅव्हल्सने आलेला खवा, नाहीतर एखाद्या गोडाऊनमधलं आंबलेलं पनीर, मागे अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी. खाली ओळ, 'इतका किलो साठा जप्त करून नष्ट'. आपण लाईक करतो आणि संध्याकाळी तसलंच स्वस्त पनीर घरी आणतो.

माझा प्रश्न साधा आहे. पुढे काय झालं?

2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार खराब झालेला नाशवंत माल लेखी नोटीस देऊन नष्ट करता येतो. केलाच पाहिजे. पण माल गेल्यावर केस उभी राहते ती नमुन्यावर. त्याचा अहवाल विश्लेषकाने 14 दिवसांत द्यायचा असतो. माल 'कमी दर्जाचा' निघाला तर 5 लाखांपर्यंत दंड, 'असुरक्षित' निघाला तर तुरुंगसुद्धा. आणि खटल्याची मुदत एक वर्ष, आयुक्तांनी कारण देऊन वाढवली तर तीन. म्हणजे उशीर हाच भेसळवाल्याचा वकील!

जप्ती म्हणजे शिक्षा नाही, मित्रांनो. चार क्विंटल माल फेकला तर तो त्याच्यासाठी धंद्यातला खर्च.

मार खातो तो शेतकरी. एक किलो पनीरला गायीचं साधारण सहा लिटर दूध लागतं. 30 रुपये लिटरने दुधाचेच 180 झाले. मजुरी, गॅस, गाडीभाडं वेगळंच. मग हॉटेलला दोनशेच्या आत मिळतं ते कशाचं असतं? 2023 मध्ये आपल्याच सिन्नरच्या मिरगावात पोलिसांनी दूधभेसळ पकडली, तेव्हा चार दिवस बोंब झाली. नंतर सगळे गप्प.

'स्टाफ कमी आहे' हे उत्तर मला पाठ आहे. खरंही असेल. पण निकाल जाहीर करायला किती माणसं लागतात? नमुना पास झाला तर तेही सांगा, त्या डेअरीवाल्याचं नाव उगाच खराब नको.

डिसेंबर 2024 मध्ये हे खातं आपल्या दिंडोरीच्या झिरवाळ साहेबांकडे आलं. घरचा माणूस म्हणून घरचीच मागणी: नाशिकमधल्या प्रत्येक जप्तीची तारीख, नमुन्याचा निकाल आणि झालेला दंड दर महिन्याला लोकांसमोर मांडा.

तोवर संशय आला तर 1800222365 वर तक्रार करा. आणि तक्रार नंबर जपून ठेवा, निकाल आपल्यालाच विचारायचाय.