समुपदेशकाची खोली व बाहेरचें बाकडें

मुलाचा पाय मुरगळला तर त्याला उचलून दवाखान्यांत नेणारे आईबाप, त्याच मुलाला महिना महिना धड झोंप येत नाहीं, पुस्तक उघडतांच हातांना घाम सुटतो, हें कळल्यावर मात्र ‘वय आहे, आपोआप जाईल’ असें म्हणून स्वस्थ बसतात, हा अनुभव शाळेंत काम करणाऱ्या आम्हां मंडळींस नवा नाहीं. सुदैवानें हल्लीं कांहीं पालक धीर करून मुलांस समुपदेशकाकडे नेऊं लागले आहेत. परंतु तेथें काय घडतें याविषयीं इतक्या चमत्कारिक कल्पना रूढ आहेत कीं, त्यासंबंधीं चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

पहिला घोटाळा त्या शब्दानेंच होतो. ‘समुपदेशक’ यांत ‘उपदेश’ बसलेला आहे. त्यामुळें मुलाला वाटतें कीं, आतां आणखी एक मास्तर आपणांस सुनावणार. आणि वडिलांस वाटतें कीं, आपलें न ऐकणारें मूल हा गृहस्थ वळणावर आणील. दोघांचीहि निराशा होते. चांगला समुपदेशक बोलतो थोडें व ऐकतो फार. (उपदेश घरीं व शाळेंत भरपूर मिळतो, त्यासाठीं निराळी फी भरण्याचें कारण नाहीं.)

पहिली भेट साधारणपणें पाऊण तास ते एक तासाची असते व ती बहुतेक चौकशींतच जाते. झोंप येते का, जेवण जातें का, घरांत कोण कोण आहे, हा त्रास केव्हांपासून, असे साधे प्रश्न. जिवाला अपाय करून घेण्याचे विचार येतात का, हेंहि स्पष्ट विचारलें जातें. त्यानें दचकूं नये. विचारल्यामुळें तसा विचार मनांत शिरतो, हा समज खोटा आहे. उत्तर ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाहीं’ म्हणावें, रडूं आलें तर रडावें, बोलवतच नसेल तर गप्प बसलें तरी चालतें. तेथें कोणी गुण देत नाहीं. औषधहि तेथें मिळत नाहीं. तें लिहून देणें हें मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचें काम, व गरज दिसल्यास समुपदेशकच त्यांच्याकडे पाठवितो.

एका भेटींत मूल हसत बाहेर येईल, अशी अपेक्षा करूं नये. झांकून ठेवलेलें दुःख उघडें केल्यामुळें कित्येकदां त्या रात्रीं मन अधिकच जड होतें. पुढें पुढें घरीं करावयाचा अभ्यासहि मिळतो: भीति वाटली त्या वेळीं मनांत कोणता विचार आला तो वहींत टिपावा, आणि तो खरा किती व खोटा किती हें ताडून पाहावें. विचार तपासण्याची ही पद्धति अमेरिकेंतील डॉक्टर आरन बेक यांनीं १९६० च्या दशकांत मांडली, व आज ती पुष्कळ देशांत वापरली जाते. ‘नापास झालों तर सर्व संपलें’ हें वाक्य कागदावर उतरविलें म्हणजे मनांत असतें तितकें मोठें राहत नाहीं. तीनचार भेटींनंतरहि सूर जुळला नाहीं, तर तसें सांगून दुसरा समुपदेशक पाहावा; यांत कोणाचा अपमान नाहीं.

परंतु आम्हांस खरें बोलावयाचें आहे तें बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्यांशीं. मूल बाहेर येतांच, रिक्षांत बसण्यापूर्वींच, ‘काय विचारलें? आमच्याविषयीं काय सांगितलेंस?’ अशी सरबत्ती सुरू होते. आमच्या मतें ही सरबत्ती सर्व खटाटोपावर पाणी फिरविते. आपलें बोलणें सायंकाळीं घरीं तपासलें जाणार हें ज्याला ठाऊक आहे, तें मूल आंत सुटकेपुरतेंच बोलेल. पालकांची तळमळ आम्ही जाणतों. पोटच्या मुलाचें मन परक्याला कळावें आणि आपणांस कळूं नये, हें सोसणें सोपें नव्हे. पण मुलाला आईबापांविषयींच बोलावयाचें असेल, तर तें त्यानें कोठें बोलावें?

या गुप्ततेलाहि मर्यादा आहेत, व चांगला समुपदेशक त्या आरंभींच सांगतो. कोणाच्या जिवाला धोका दिसला, तर योग्य माणसांस कळवावें लागतें. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचें समजलें, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानें तें पोलिसांस कळविणें बंधनकारक आहे. शिवाय मुलाची प्रगति कशी आहे व घरानें काय करावें, याविषयीं तो पालकांशीं बोलतोच. शब्दन्‌शब्द सांगत नाहीं, इतकेंच.

जेथें समुपदेशक जवळ नाहीं वा फी परवडत नाहीं, तेथें १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेली ही सेवा विनामूल्य असून रात्रंदिवस चालते, व मराठींतहि बोलतां येतें.

मग परत येतांना वाटेंत बोलावें काय? भूक लागली आहे का, एवढें विचारावें. मूल आपण होऊन कांहीं सांगूं लागलें तर मध्यें न बोलतां ऐकावें. न सांगितलें तर रस्त्यावरची गंमत पाहत घरीं यावें. पुढच्या भेटीची तारीख मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरावर त्याच दिवशीं लिहून ठेवावी.