विजेची तार कीं निराळी तार?

हल्लीं जळगांव-धुळ्याकडे नवीं घरें झपाट्यानें उभीं राहत आहेत. घरांत इंटरनेट आलें, कीं माडीवरील अभ्यासाच्या खोलीपर्यंत तें न्यावें कसें, हा प्रश्न हटकून उपस्थित होतो. कारण वायफायच्या लहरी भिंती व स्लॅब ओलांडतां ओलांडतां क्षीण होतात. भिंतींत विजेच्या तारा आहेतच. पॉवरलाइन नांवाच्या यंत्रांची जोडी सॉकेटांत बसवून त्याच तारांतून संदेश धाडावे, निराळ्या केबलचा खर्च कशाला, असें पुष्कळांस वाटतें. आमचें मत मात्र निराळ्या केबलच्या बाजूचें आहे.

कोणी म्हणेल, दीपनगरची वीज ज्या उच्च दाबाच्या तारांवरून निघते, तशा तारांवरून वीजकेंद्रें आपसांत संदेश धाडीत आलीं नाहींत काय? आलीं आहेत. परंतु तेथें वाहिनीच्या दोन्ही टोकांस संदेशाच्या लहरी अडवून धरणारीं वेटोळीं बसविलेलीं असतात. घरांतील तार म्हणजे बाजाराचा रस्ता. मिक्सर फिरूं लागला किंवा हलक्या प्रतीचा चार्जर लावला, कीं तींत गोंगाट माजतो. दोन खोल्या निरनिराळ्या फेजवर असल्यास संदेश पुष्कळदां पोंचतच नाहीं. २००५ सालच्या होमप्लग एव्ही पद्धतीचा वेग सेकंदास २०० मेगाबिट म्हणून सांगितला जाई. प्रत्यक्षांत त्याच्या निम्माही हातीं येणें कठीण. उलट साध्या कॅट-५ई केबलमध्यें तांब्याच्या तारांच्या चार जोड्या पीळ देऊन बसविलेल्या असतात. त्या पिळामुळें बाहेरचा उपद्रव जोडींतील दोन्ही तारांस सारखाच लागून निष्फळ होतो, आणि १०० मीटरपर्यंत सेकंदास १००० मेगाबिट सुखरूप पोंचतात.

हा केवळ वेगाचा हव्यास नव्हे. २०२० सालीं शाळा बंद पडून पाठ घरीं ऐकावे लागले, तेव्हां आवाज तुटून गणिताची एक पायरी हुकली कीं पुढील सारेंच हुके, हें त्या वर्षींच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे.

जुन्या वाड्यांत वा भाड्याच्या घरांत भिंत फोडणें शक्य नसेल, तेथें पॉवरलाइन अवश्य वापरावी; मात्र यंत्र भिंतीवरील सॉकेटांतच बसवावें, एक्स्टेन्शन बोर्डांत नव्हे. परंतु जे पालक नवें घर बांधीत आहेत, त्यांनीं भिंतीस खाचा पाडतांनाच विजेच्या नळीपासून वीतभर अंतरावर एक निराळी नळी टाकून ठेवावी. दोन्ही तारा एकाच नळींत घालूं नयेत. त्यांत जीवास धोका आहे. गिलावा झाल्यावर भिंत फोडावयास निघणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय.