सायकलमार्गांचे उपयोगिता प्रमाणपत्र

मानव विकासाच्या दृष्टीने मागे राहिलेल्या महाराष्ट्रातील १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीत शिकणाऱ्या गरजू मुलींना सायकल घेता यावी, म्हणून राज्य शासन अनुदान देते. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणारी मुलगी या योजनेस पात्र ठरते. २०२२ साली या अनुदानाची रक्कम ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आली. अर्थशास्त्रालाही पटावा आणि मनालाही पटावा, असा सरकारी खर्च क्वचित आढळतो. हा तसा खर्च आहे. बिहारने २००६ साली नववीतील मुलींसाठी अशीच योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींची पटनोंदणी त्या योजनेमुळे सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले. जेथे शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर होती, तेथे हा परिणाम अधिक ठळक होता. दोन चाकांनी जे साधले ते कित्येक परिपत्रकांना साधले नव्हते.

परंतु सायकल हाती आल्यावर ती मुलगी ज्या रस्त्याला लागते, त्या रस्त्याचा विचार या अनुदानात नाही. तालुक्याच्या गावची शाळा बहुधा वाहत्या रस्त्याला लागून असते. हंगामात उसाच्या ट्रॉल्या, एरवी वाळूचे डंपर आणि भरधाव मोटारी तेथून जात असतात. डांबराची कड तुटलेली असते आणि साइडपट्टी वीतभर खचलेली असते. मागून भोंगा वाजला की सायकल खाली मातीत उतरवायची, आणि तोल सावरत पुन्हा वर घ्यायची, हे या मुलींचे रोजचेच आहे. २०२२ साली देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत सायकलस्वार साडेचार हजारांहून अधिक होते. शासन सायकल देते ती मुलीने शाळेत पोहोचावे म्हणून. ती सुखरूप पोहोचेल की नाही, हे मात्र मागून येणाऱ्या वाहनचालकाच्या मर्जीवर सोडलेले आहे.

रस्त्याचे पैसे कोणाचे?

सायकलमार्गासाठी सार्वजनिक पैसा मागितला की पहिला आक्षेप ठरलेला असतो. मोटारवाला रस्ताकर भरतो, पेट्रोलवरचा कर भरतो. सायकलवाला काय भरतो? वरवर पाहता हा प्रश्न रास्त वाटतो. हिशेब मांडला की तो टिकत नाही. मोटारीवरचा कर राज्याच्या तिजोरीत जातो, पेट्रोलवरचा कर केंद्र आणि राज्य वाटून घेतात. शहरातील पेठांतले आणि वस्त्यांतले रस्ते मात्र प्रामुख्याने महापालिका किंवा नगरपरिषद बांधते, आणि तिच्या उत्पन्नाचा मोठा आधार मालमत्ता कर हा आहे. तो कर सायकलवालाही भरतो. घर भाड्याचे असेल तर भाड्यातून भरतो. शिवाय मोटार जेवढी जागा अडवते आणि रस्त्याची जेवढी झीज करते, त्याच्या तुलनेत सायकलीचा भार नगण्य आहे. ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल की, एकेकाळी नगरपालिका सायकलींवर वार्षिक कर घेत असत आणि त्याचा पितळी बिल्ला सायकलीला लावावा लागे. बिल्ला नसला, रात्री दिवा नसला, तर दंड होई. त्या करापोटी सायकलवाल्याला स्वतंत्र वाट कधी मिळाली नाही. तेव्हा सायकलवाल्याने आजवर फुकट काही घेतले, असे म्हणण्यापेक्षा त्याचेच काही देणे लागते, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

दुसरा आक्षेप असा की, आता सायकल चालवतो कोण? २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. मोटार होती ती पाच टक्क्यांहूनही कमी कुटुंबांकडे. त्यानंतर स्वयंचलित दुचाक्या वाढल्या हे खरे. पण मोटार वाहन कायद्याप्रमाणे सोळा वर्षांखालील मुलाला कोणतेही स्वयंचलित वाहन चालवता येत नाही, आणि अठरा वर्षांखालील मुलाला पन्नास सी. सी.पेक्षा मोठी गाडी चालवता येत नाही. म्हणजे दहावीपर्यंतच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या बळावर शाळा गाठायची तर पाय आणि सायकल ही दोनच कायदेशीर साधने उरतात. एवढ्या मोठ्या वर्गासाठी जे रस्ते बांधलेच गेले नाहीत, त्या रस्त्यांवर तो वर्ग दिसत नाही म्हणून त्याचे अस्तित्वच नाकारणे हा अजब न्याय झाला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९६२ च्या मानकात स्वतंत्र सायकलमार्गासाठी गर्दीच्या तासाला ४०० सायकली, आणि मोटारींची वर्दळ अधिक असल्यास निदान १०० सायकली, असा निकष होता. मोजमापाची शिस्त म्हणून तो योग्यच होता. पण जेथे भीतीमुळे सायकलस्वार आधीच रस्त्यावरून उठला आहे, तेथे हा निकष लावणे म्हणजे ज्या वाडीत विहीरच नाही तेथे पाणी शेंदणाऱ्या बाया मोजून मगच विहीर मंजूर करण्यासारखे आहे.

पुण्याचा धडा

मग अनुदान मिळाले की प्रश्न सुटतो काय? याचे उत्तर पुण्यापाशी आहे. सायकलींचे शहर म्हणून पुण्याची एकेकाळी देशभर ख्याती होती. पाळी सुटली की कारखान्यांच्या दारांतून सायकलींचे लोंढे बाहेर पडत. प्राध्यापक, कारकून, विद्यार्थी सारेच सायकलीवर असत. २०१८ साली याच शहरात नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली आणि ती लोकसंख्येलाही मागे टाकून गेली. दरम्यानच्या काळात सायकलीसाठी पैसा आला नाही, असे मात्र नाही. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने तर रस्त्याचे नियोजन वाहनांसाठी नव्हे, माणसांसाठी करावे, असे स्पष्ट तत्त्व मांडले आणि त्या अभियानातून पदपथ व सायकलमार्ग यांना प्राधान्य देण्याचे ठरवले. पुण्यात २००६ च्या अखेरीस जलद बससेवेचा प्रायोगिक मार्ग सुरू झाला, त्याच्या कडेने सायकलमार्गही झाले.

ते सायकलमार्ग पुढे कसे राहिले, हे पुणेकरांना सांगावयास नको. कोठे मधोमध झाड, कोठे विजेचे रोहित्र, कोठे बसथांब्याने अडवलेली वाट. पेव्हर ब्लॉक उखडले ते उखडलेलेच राहिले. चौक आला की मार्ग संपे. म्हणजे जेथे संरक्षणाची सर्वाधिक गरज, नेमके तेथेच सायकलस्वाराला वाऱ्यावर सोडलेले. मोकळा राहिलेला भाग दुचाक्यांच्या वाहनतळासाठी वापरला गेला. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरांहून अधिक लांबीच्या जाळ्याची कल्पना होती. त्याच सुमारास भाड्याच्या सायकलींचा प्रयोगही गाजावाजाने सुरू झाला आणि काही वर्षांतच त्या सायकली रस्त्यावरून दिसेनाशा झाल्या. आराखडा चांगला होता, हेतूही वाईट नव्हता. उणीव होती ती हिशेबाच्या पद्धतीत.

कारण अनुदानाचे गणित असे चालते: वरून निधी मंजूर होतो, निविदा निघते, काम होते, देयके अदा होतात आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र पाठवले जाते. कार्यालयात काम करणाऱ्या कोणालाही हा कागद परिचित आहे. त्यावर उपयोग नोंदवला जातो तो पैशाचा. मार्गाचा उपयोग झाला की नाही, त्यावरून दिवसाकाठी किती माणसे गेली, त्यांत शाळकरी मुले किती, हा रकानाच त्यात नसतो. लांबी मोजली जाते, रुंदी मोजली जाते, सिमेंटच्या गोण्या मोजल्या जातात. प्रवास मोजला जात नाही. ज्याची मोजणी नाही त्याची काळजी कोणी घेत नाही, हा सरकारी कारभाराचा जुनाच अनुभव आहे. त्यात अनुदान असते भांडवली खर्चासाठी. झाडलोट, डागडुजी, दिवे आणि अतिक्रमण हटवणे हा महसुली खर्च. तो स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातून करावयाचा. आणि ते उत्पन्न तर आक्रसत गेले. पुण्यासारख्या शहरांत २०१३ साली जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ साली बहुतांश व्यापाऱ्यांपुरता रद्द झाला आणि २०१७ साली वस्तू व सेवा कराने उरलेसुरले स्वातंत्र्यही संपवले. अशा स्थितीत बारशाला पैसा मिळतो, बाळाच्या दुधाला मिळत नाही.

एक रस्ता आणि सारे जाळे

या बाबतीत नेदरलँड्सचा अनुभव बोधप्रद आहे. तो देश पहिल्यापासूनच सायकलस्वारांचा होता, ही समजूत अर्धीच खरी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारींनी रस्ते व्यापले आणि सायकली हटू लागल्या. १९७१ साली तेथील रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले. मुलांची ही हत्या थांबवा, अशी त्यांची मागणी होती. पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले. तेव्हा तेथील केंद्र सरकारने तिलबर्ग आणि हेग या शहरांत आदर्श सायकलमार्गांसाठी पैसा पुरवला. मार्ग उत्तम झाले, परंतु शहरातील एकूण सायकल वापरावर त्यांचा परिणाम बेताचाच झाला. कारण माणूस घरापासून कामापर्यंत जातो, आदर्श मार्गाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नव्हे. पुढे डेल्फ्ट या गावात एका रस्त्याऐवजी सबंध गावाचे जाळे जोडण्याचे काम हाती घेतले गेले. तुटलेले दुवे सांधले, लहान पूल आणि बोगदे बांधले. तेथे सायकलीने होणाऱ्या प्रवासाचे प्रमाण ४० टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. वाढ डोळे दिपवणारी नव्हे. पण ज्या काळात मोटारी वाढत होत्या त्या काळात सायकल मागे हटली नाही, हेच यश होते. त्याहून महत्त्वाचे हे की, त्या सरकारने पैसा दिल्यानंतर परिणाम मोजला, जेथे तो दिसला नाही तेथे ते मान्य केले आणि पुढचे पाऊल त्यावरून ठरवले.

आपल्याकडे अनुदानाला अटी नसतात असे नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी दहा लाखांवरील लोकवस्तीच्या नागरी समूहांना हवेच्या शुद्धतेसाठी १२,१३९ कोटी रुपयांची शिफारस केली आणि ते अनुदान हवेत प्रत्यक्ष सुधारणा होण्याशी जोडले. फळाशी पैसा जोडण्याचे हे तत्त्व योग्य आहे. २०२१ साली केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने सायकलविषयक स्पर्धेत देशातील ११ शहरांची निवड करून प्रत्येकी एक कोटी रुपये देऊ केले. त्यांत नागपूर आणि पिंपरी-चिंचवड ही महाराष्ट्रातील शहरे होती. प्रयत्न स्तुत्य होता. परंतु असा पैसा स्पर्धेत उतरू शकणाऱ्या मोठ्या शहरांकडेच वळतो. ज्या नगरपरिषदेकडे आराखडा काढावयास अभियंता नाही, तिच्या हद्दीतील मुलीने काय करावे? तेथे तर आणखी एक अडचण आहे. गावातून जाणारा मुख्य रस्ता अनेकदा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो. नगरपरिषदेने त्याला हात लावायचा नाही आणि विभागाच्या लेखी तो वाहतुकीचा राज्यमार्ग, शाळेची वाट नव्हे.

यावर उपाय कल्पनातीत नाहीत. सायकलमार्गाच्या अनुदानाचा शेवटचा हप्ता काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर न देता, वर्षभरानंतर केलेल्या सायकलस्वारांच्या मोजणीवर द्यावा. ती मोजणी शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांकडून होऊ शकते. त्याला मोठा खर्च नाही. मंजूर रकमेचा ठरावीक भाग देखभालीसाठी वेगळा ठेवावा आणि तो अन्यत्र वळवण्यास मनाई असावी. पहिले जाळे शाळेभोवतीच्या दोन-तीन किलोमीटरचे असावे, आणि जेथे सायकलीसाठी अनुदान दिले जाते त्या १२५ तालुक्यांपासून त्याचा आरंभ व्हावा. राज्यमार्गावर स्वतंत्र मार्गाला जागा नसेल तेथे निदान पक्की, डांबराशी समतल साइडपट्टी आणि शाळेजवळ वेगावर खरी मर्यादा, एवढे तरी बांधकाम विभागावर बंधनकारक करावे. यासाठी परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. लागते ती मुरूम, खडी, डांबर आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर फिरून पाहणारा एक माणूस.

शासनाच्या नोंदवहीत आज एका बाजूला वाटलेल्या सायकलींची संख्या आहे, दुसऱ्या बाजूला बांधलेल्या मार्गांची लांबी आहे. या दोन रकान्यांची गाठ कोठेच पडत नाही, कारण सायकली वाटल्या गेल्या खेड्यांत आणि मार्ग बांधले गेले महानगरांत. पाच हजारांची सायकल घेऊन निघालेली मुलगी वर्षाअखेर त्याच सायकलीवरून शाळेत येत आहे, की पहिल्या अपघातानंतर बापाने ती सायकल भिंतीला टेकवून ठेवली आहे, हे ज्या दिवशी कोणी जाऊन पाहील आणि कागदावर लिहील, त्या दिवशी उपयोगिता प्रमाणपत्र या शब्दाला काही अर्थ येईल.