खिंडीच्या पुढची वाट

भिलाईच्या सेक्टर 2 मधील रस्ते सरळ आणि सपाट. चढ म्हणावा तर घराचा जिनाच. तेथे महिनाभर पहाटे पाठीवर ओझे घेऊन सराव केला आणि ऐन जुलैत आम्ही उभयता पन्हाळा ते पावनखिंड या पदभ्रमणास निघालो. 1660 च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज ज्या वाटेने गेले, ती ही वाट. सुमारे 50 किलोमीटरची.

मसाई पठारावर धुके असे दाटले की पुढच्याची पाठ दिसेना. भातखाचरांच्या बांधांवरून घसरत, पायांच्या जळवा मिठाने सोडवीत मुक्काम गाठला. दुसऱ्या दिवशी गुडघ्यांनी तक्रार मांडली. एका वाडीतील आजींच्या चहाने ती मिटली, निदान मी तसे मानले.

शिखरावर चढून संपणाऱ्या मोहिमा पुष्कळ. ही मात्र खाली, ओढ्याच्या पात्रात उतरून संपते. तेथे जयघोष झाला, छायाचित्रे निघाली आणि मंडळी बसमध्ये बसली. खरे सांगायचे तर आम्हीही बसलो. पण बाजीप्रभू त्या खिंडीत लढले ते महाराज विशाळगडावर सुखरूप पोहोचावेत म्हणून! मग आपली वाटचाल खिंडीतच पुरी कशी झाली? प्रशासनाची अनुमती असेल तेव्हा संयोजकांनी गडापर्यंतचा आणखी एक दिवस जोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील खेपेस दुर्गचे परतीचे आरक्षण आम्ही एक दिवस उशिराचे करणार आहोत.