वेगाचा विक्रम आणि मागच्या सीटवरचा पट्टा

चंदीगडच्या टर्मिनल बॅलिस्टिक्स रिसर्च लॅबोरेटरीत २ डिसेंबर २०२५ रोजी डीआरडीओने एक महत्त्वाची चाचणी यशस्वी केली. तेजस विमानाचा पुढचा भाग रॉकेटच्या जोरावर रुळांवरून ताशी ८०० किलोमीटर वेगाने पळवला आणि धावत असतानाच वैमानिकाचे आसन त्यातून बाहेर फेकले गेले. आसनावर माणूस नव्हता. मोजमापाची यंत्रे बसवलेला पुतळा होता.

अशा वाहनाला रॉकेट स्लेड म्हणतात. त्याला चाके नसतात. रुळांना घट्ट पकडून ते घसरत जाते. या प्रकारातला विक्रम अमेरिकेचा आहे. न्यू मेक्सिकोतील हॉलोमन हवाई तळावर ३० एप्रिल २००३ रोजी चार टप्प्यांच्या रॉकेट स्लेडने ताशी १० हजार ३०० किलोमीटरच्या पुढे मजल मारली. हा वेग ध्वनीच्या सुमारे साडेआठपट, म्हणजे सेकंदाला जवळपास २.९ किलोमीटर! हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून रुळांच्या काही भागावर हेलियम वायू भरला होता. त्या स्लेडवरही माणूस नव्हता.

अशा बातम्या वाचल्या की वेगाचेच कौतुक होते. डॉक्टर म्हणून मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. आपल्या शरीराला वेग कळतच नाही. विमान ताशी ८००-९०० किलोमीटरने जात असते आणि आपण निवांत चहा पीत असतो. शरीराला कळतो तो वेगातला बदल. वेग किती होता यापेक्षा तो किती वेळात आणि किती अंतरात शून्यावर आला, यावर जगणे-मरणे ठरते.

हे स्वतःच्या शरीरावर तपासून पाहणारा माणूस डॉक्टरच होता. जॉन पॉल स्टॅप हे अमेरिकी हवाई दलातील वैद्यकीय अधिकारी. माणूस गुरुत्वाकर्षणाच्या १८ पटींपलीकडचा धक्का सहन करू शकत नाही, असा तेव्हा समज होता. स्टॅप स्वतः स्लेडवर बसू लागले. मनगट मोडले, बरगड्यांना इजा झाली, तरी प्रयोग सुरूच राहिले. १० डिसेंबर १९५४ रोजी याच हॉलोमनला त्यांनी पाच सेकंदांत ताशी १,०१७ किलोमीटर वेग गाठला आणि अवघ्या १.४ सेकंदांत ते थांबले. त्या क्षणी शरीरावर आलेला कमाल भार होता ४६.२ पट. ७० किलोच्या माणसावर हा भार तीन टनांहून अधिक भरतो. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, काही काळ दिसेनासे झाले. पण दृष्टी परतली आणि पुढे ते ८९ वर्षांचे होईपर्यंत जगले. ते वाचले, कारण पट्ट्यांनी त्यांना आसनाशी जखडले होते. शरीर आसनासोबतच थांबले, वेगळे जाऊन कशावर आदळले नाही.

स्टॅप यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. हवाई दलाचे वैमानिक जवळजवळ विमान अपघातांइतकेच मोटार अपघातांत मरत होते. १९५५ मध्ये त्यांनी मोटार अपघातांवरील परिषद सुरू केली आणि गाडीत पट्टा हवाच, हा आग्रह धरला. १९६६ मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला, त्यामागे त्यांचाही वाटा होता.

आता आपल्या गाडीकडे वळू. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी भिंतीवर आदळते, तेव्हा तो धक्का साधारण १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. पट्टा लावला असेल, तर गाडीचा चेपणारा पुढचा भाग आणि ताणला जाणारा पट्टा मिळून शरीराला थांबायला सुमारे ६० सेंटीमीटर मिळतात. भार येतो २४ पटींच्या आसपास. पट्टा नसेल, तर शरीर त्याच वेगाने पुढे जाते आणि समोरच्या कठीण भागावर पाच-सहा सेंटीमीटरांत थांबते. भार अडीचशे पटींच्या घरात जातो. एवढा भार स्टॅप यांनीही कधी घेतला नव्हता.

अपघात विभागात आम्ही याचेच परिणाम पाहतो. आधी गाडी आदळते, मग माणूस गाडीच्या आत आदळतो, मग त्याचे अवयव शरीराच्या आत आदळतात. मेंदू कवटीवर आपटतो, प्लीहा फाटते, महारोहिणीला चीर जाते. बाहेर खरचटलेलेही नसते आणि रुग्ण आतल्या रक्तस्रावाने आमच्या डोळ्यांदेखत पांढरा पडत जातो. नातेवाईक सांगतात, ‘साहेब, ते तर मागे बसले होते.’

मागची सीट सुरक्षित, हा आपला लाडका गैरसमज आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. सरकारी आकडेवारीनुसार त्यांतल्या १६,७१५ जणांनी पट्टा लावलेला नव्हता आणि त्यांत जवळपास निम्मे प्रवासी होते. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा सक्तीचा आहे, न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. तरी मागचे पट्टे सीटखाली दडपलेलेच दिसतात. पट्टा न लावलेला मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर आदळतो, तेव्हा दोघांचाही जीव धोक्यात येतो.

पट्ट्याचा खालचा भाग पोटावर नको, कमरेच्या हाडावर बसवावा. गरोदर स्त्रीने तो पोटाच्या खालून घ्यावा, पट्टा टाळू नये. लहान मुलाला मांडीवर न घेता त्याच्या वेगळ्या सीटवर बसवावे. धडकेच्या क्षणी कोणत्याही आईचे हात त्याला धरून ठेवू शकत नाहीत.

चंदीगडच्या त्या पुतळ्यालासुद्धा पट्ट्याने बांधले होते. उद्या गाडीत मागे बसाल, तेव्हा सीटखाली हात घालून तो पट्टा आधी बाहेर काढा.